देव आहे असं वाटत नाही, पण नाही असं ठाम म्हणताही येत नाही. मग मी स्वतःला काय म्हणावं?

घरचे सगळे श्रद्धाळू आहेत, तुमचा देवावरचा विश्वास मात्र गेला आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तरीही 'देव नाही' म्हणायला तुमची जीभ रेटत नाही, आणि मोठं संकट आलं की हात आपोआप जोडले जातात. म्हणून तुम्ही विचारता की मी नास्तिक, अज्ञेयवादी (म्हणजे देव आहे की नाही हे माहीत नाही म्हणणारा) की नुसता ढोंगी?

आधी तो 'ढोंगी' शब्द काढून टाका. अंधारात ठेच लागली की माणूस 'आई गं' म्हणतो, ते काही आई शेजारी उभी असते म्हणून नव्हे. घाबरलेलं मन लहानपणी शिकलेल्या गोष्टीकडे धाव घेतं. त्यामुळे देव सिद्ध होत नाही आणि तुम्हीही खोटे ठरत नाही. ढोंग म्हणजे समोरच्याला फसवण्यासाठी केलेली कृती. तुम्ही तर एकटे असताना हात जोडता, मग फसवता कुणाला?

उरलेल्या दोन शब्दांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मी स्वतः जवळजवळ बारा वर्षं 'मी अज्ञेयवादी आहे' असं सांगत होते आणि त्यामागचं कारण फारसं चांगलं नव्हतं. 'नास्तिक' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. 'अज्ञेयवादी' म्हटलं की त्याला वाटायचं, हिचा शोध अजून चालू आहे, आज ना उद्या येईल आपल्यात. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही, कारण तो माझ्या सोयीचा होता.

मग हा शब्द आला कुठून ते मी वाचलं आणि माझी मला लाज वाटली. 'ॲग्नॉस्टिक' हा मूळ इंग्रजी शब्द घडवला थॉमस हेन्री हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं, १८६९ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८६० मध्ये, त्याचा थोरला मुलगा वारला. मूल चार वर्षांचंही झालेलं नव्हतं. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्रानं सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्स्लीनं दिलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं. आत्म्याचं अमरत्व मी मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही, असं त्यानं लिहिलं. ते मानायला मला कारण दिसत नाही आणि खोडून काढायलाही माझ्याजवळ साधन नाही, असंही. मुलगा कुठंतरी आहे असं मानलं असतं तर त्या बापाला किती आधार मिळाला असता! पण पुरावा पोचतो तिथवरच बोलायचं हा नियम त्यानं पोटच्या मुलाच्या मृत्यूतही मोडला नाही. मी तोच शब्द घरात वाद नकोत म्हणून वापरत होते.

आपल्या मराठी प्रतिशब्दानंही थोडा घोळ केला आहे, असं मला वाटतं. 'अज्ञेय' म्हणजे जे जाणताच येणार नाही ते. हक्स्लीचं म्हणणं मुळात इतकं मोठं नव्हतं. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगू नये, इतकाच त्याचा आग्रह होता. 'मला माहीत नाही' आणि 'कुणालाच कधी कळणार नाही' यांत फार अंतर आहे. दुसरं विधान हाही एक मोठा दावाच आहे आणि तो करायला माझ्याजवळ आधार नाही.

'नास्तिक' हा शब्द तर आणखी जुना आणि आणखी गुंतागुंतीचा. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' असं म्हटलं आहे, म्हणजे तिथं नास्तिकपणाची खूण देव नाकारणं ही नसून वेद नाकारणं ही आहे. त्या मापानं वेद मानणारे पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक तत्त्वज्ञ आस्तिक ठरतात, आणि बौद्ध व जैन नास्तिक. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रातला 'नास्तिक' म्हणजे 'नाही' अशी ज्याची मती आहे तो, आणि काय नाही, तर परलोक, असं टीकाकार सांगतात. आज तुमच्या घरी हा शब्द ऐकून लोक दचकतात त्यात हा सगळा जुना निषेध मिसळलेला आहे. त्यांच्या कानाला 'देव मानत नाही' एवढंच ऐकू येत नाही. 'याला कशाचाच धरबंध नाही' असंही ऐकू येतं. म्हणून त्यांचा राग मनाला लावून घेण्याआधी त्यांनी नेमकं काय ऐकलं ते विचारून पाहा.

आता तुमचा खरा प्रश्न. लोक आपल्याला कसं विचारतात ते आठवा. 'तू देव मानतोस का?' असं विचारतात. 'देव नाही हे तुला ठाऊक आहे का?' असं कुणीच विचारत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमची उत्तरंही वेगळी आहेत. पहिल्याला उत्तर 'नाही'. दुसऱ्यालाही 'नाही', म्हणजे ठाऊक नाही. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असू शकतात, त्यात विसंगती नाही. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं ही अडचण १९४७ साली स्वच्छ मांडली होती. तो म्हणतो, तत्त्वज्ञांच्या सभेत मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणेन, कारण देव नाही याची निर्णायक सिद्धता देता येत नाही. पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला नीट कळावं म्हणून नास्तिक म्हणेन, कारण प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातले देव नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही आणि तरी त्यांच्याबद्दल मी साशंक नसतो, असा त्याचा विचार होता.

मला रसेलचं पटतं, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. उत्तर कुठल्या देवाबद्दल विचारलं आहे त्यावरही अवलंबून असतं. प्रार्थना केली की रोग्याचा त्रास कमी करणारा देव, हा दावा तपासता येतो आणि तो तपासलाही गेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा रुग्णालयांतले, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १८०२ रुग्ण होते. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होण्याचं प्रमाण प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के होतं आणि न झालेल्यांत ५१. प्रार्थना होतेच आहे असं ज्यांना खात्रीनं सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं. देवाची परीक्षा घ्यायची नसते, असं श्रद्धावान माणूस म्हणेल. ठीक आहे, पण मग तो देव ज्याच्या असण्यानसण्यानं काहीच बदलत नाही अशा देवाकडे सरकतो. विश्व निर्माण करून पुढं कशातच हात न घालणारा असा कुणी आहे का, याला माझं उत्तर खरोखर 'माहीत नाही' हेच आहे. पापाची शिक्षा म्हणून लहान मुलाला आजार देणाऱ्या देवाबद्दल मात्र मी 'माहीत नाही' म्हणत नाही. तो नाही असं मी सरळ सांगते. तुम्हीही एकदा असं देवागणिक उत्तर लिहून पाहा. मला त्यातून जितकं कळलं तितकं कुठल्याही नावातून कळलं नव्हतं.

घरच्यांबद्दल. माझे वडील रोज प्रार्थना करत. शेवटच्या वर्षी त्यांची नजर गेली आणि पुस्तक मी वाचून दाखवावं असं त्यांनी सांगितलं. पहिले काही दिवस मला शब्द घशात अडकल्यासारखे वाटायचे. एका संध्याकाळी थांबून मी त्यांना म्हटलं, 'बाबा, माझा यावर विश्वास नाही.' ते म्हणाले, 'ठाऊक आहे. जरा सावकाश वाच, तू फार घाई करतेस.' त्यानंतर मी आठ महिने वाचत होते आणि एकदाही खोटं बोलतेय असं वाटलं नाही, कारण माझा विश्वास नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते शब्द हवे आहेत हे मला.

बारा वर्षं मी त्यांच्यापासून जे लपवत होते ते त्यांना आधीच कळलेलं होतं. तुमच्या घरीही बहुधा कुणाला तरी कळलं असेल. सगळ्यांना एकत्र बसवून जाहीर करायची गरज नाही. ज्या एका माणसाशी तुम्ही सहज बोलू शकता, त्याला ही दोन्ही उत्तरं सांगा, 'मानत नाही' आणि 'खात्रीनं माहीतही नाही'. संकटात हात जोडले जातात तेही सांगा, ते लपवू नका. नाव त्यानंतर ठरवलंत तरी चालेल. मी आता विचारणाऱ्याला 'नास्तिक' म्हणून सांगते, आणि त्याला वेळ असेल तर उरलेलं सगळं.