वालाच्या बियाण्याला भुंगा लागतो, काय करावे?

प्रश्न : रायगडमध्ये भातानंतर वाल लावतो. घरचे बियाणे पावसाळ्यात भुंग्याने पोखरते आणि दरवर्षी विकत घ्यावे लागते. काय चुकते?

उत्तर : भुंगा शेतातूनच येतो. मादी शेंगांवर अंडी घालते, त्यामुळे डबा कितीही स्वच्छ असला तरी कीड आत जाते. शेंगा वाळल्या की झाडावर ठेवू नका. पिवळ्या चट्ट्यांच्या, आक्रसल्या पानांच्या झाडांचे बी मुळीच धरू नका.

वाळवणे नीट झाले का? कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे, थोडे कोरडे मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल आहे, आणखी ऊन द्या. गार झाल्यावर किलोला ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा, शेंगदाणा तेल चोळा. हवाबंद डबा काठोकाठ भरा. अर्धवट भरलेल्या डब्यातली हवा भुंग्यालाच पुरते.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने मोजा. ७५ उगवले तर बी चांगले. ६० असतील तर बियाणे सव्वापट घ्या.

खायचे वाल वेगळे ठेवा, मुलांच्या भातासोबत नियमित द्या. भातात कमी असलेले लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, वालातून मिळते. भिजवलेले पाणी मात्र फेका, आणि वाल पूर्ण शिजवा.