डिस्क दिसली, पण विंडोज सुरू होईना

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याच साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) एसएसडीवर शेजारी लिनक्स बसवायला घेतले, तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) साटा मोड ‘रेड’ (अनेक डिस्क जोडून एक म्हणून वापरू देणारा) होता, तो ‘एएचसीआय’ (सुट्या डिस्कसाठीचा प्रमाणित) केला. आता इन्स्टॉलरला डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दाखवून पुन्हापुन्हा रीस्टार्ट होते. मोड पूर्ववत केला की सगळे सुरळीत चालते. विंडोज नव्याने टाकण्यावाचून मार्ग आहे का?

उत्तर : मार्ग आहे, आणि त्यासाठी फॉरमॅट करण्याची मुळीच गरज नाही. आपली डिस्क शाबूत आहे. अडचण आहे ती ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. संगणक सुरू होताना विंडोजचा लोडर बायॉसच्या मदतीने कर्नल (विंडोजचा गाभा) आणि अगदी सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर मेमरीत आणतो. त्यानंतर मात्र डिस्क वाचण्याचे काम कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरकरवी करावे लागते. आपले विंडोज बसवले गेले तेव्हा कंट्रोलर (डिस्क हाताळणारी चिप) रेड मोडमध्ये होता, त्यामुळे सुरुवातीच्या यादीत त्याच्याच ड्रायव्हरची नोंद झाली. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये अर्थातच आहे, पण तो आहे त्या डिस्कवर, जी त्याच्याशिवाय वाचता येत नाही. कुलूपबंद कपाटात किल्ली राहावी, तसा हा प्रकार.

उपाय सेफ मोडचा, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांनिशी विंडोज उघडण्याचा, आहे. त्यात सुरू होताना विंडोज कंट्रोलर नव्याने ओळखते, जुळणारा ड्रायव्हर उभा करते आणि पुढच्या वेळेसाठी त्याची नोंदही दुरुस्त करते. त्यासाठी प्रथम मोड रेडवरच ठेवून विंडोज उघडावे, ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’मधील ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट’पुढे खूण करून (‘मिनिमल’ हा पर्याय तसाच राहू द्यावा) रीस्टार्ट करावे आणि विंडोज पुन्हा उघडण्यापूर्वीच बायॉसमध्ये शिरून एएचसीआय निवडावे. सेफ मोड नीट उघडला, की त्याच ठिकाणची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. ही खूण काढायचे राहून गेले, तर यंत्र दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहते आणि माणूस उगाच हवालदिल होतो. पुढे ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ ही ओळ दिसली, म्हणजे काम झाले.

तीन गोष्टी मात्र हात घालण्याआधी पाहाव्यात. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कूटबद्ध ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास तो आधी तात्पुरता स्थगित करावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवावी, कारण असा बदल दिसताच बिटलॉकर ती मागू शकतो. खात्याचा पासवर्ड आठवत असावा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. आणि दोन डिस्क जोडून खरोखरच रेड केलेले असेल, तर हा उपाय करूच नये, कारण मोड बदलल्यावर ती जोडणी त्या रूपात ओळखली जाणार नाही. एकच डिस्क असूनही मोड रेड असणे यात वावगे काही नाही. अनेक लॅपटॉप तसेच विकले जातात.

केवळ वेग वाढेल या आशेने कोणी हा खटाटोप करणार असेल, तर मी त्याला परावृत्त करीन. एकाच डिस्कच्या बाबतीत रेड आणि एएचसीआय यांत जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. आपले कारण वेगळे आहे आणि रास्त आहे.

प्रश्न : जुन्या संगणकावर विंडोज ७ असून साटा मोड आयडीई (एएचसीआयच्या आधीचा जुना) आहे. वरील उपाय तिथे चालेल का?

उत्तर : तिथे रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या भांडारातील) नोंद आपल्या हातांनी बदलावी लागते, आणि तीही बायॉसला हात लावण्यापूर्वी. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘लोकल मशीन’खाली सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस असे उतरत गेल्यास ‘एमएसएएचसीआय’ हा विभाग सापडेल. त्यातील ‘स्टार्ट’ची किंमत बहुधा ३, म्हणजे ‘मागितल्यावर सुरू हो’, अशी असते. ती ० केली, की ड्रायव्हर बूटच्या वेळीच उभा राहतो. मग मोड बदलावा. विंडोज स्वतःहून नवा ड्रायव्हर बसवून आणखी एक रीस्टार्ट मागेल, तो द्यावा. इथे बदलाचा थोडा लाभही आहे : एएचसीआयमध्ये डिस्क एका वेळी ३२पर्यंत आज्ञा रांगेत घेऊन त्या सोयीच्या क्रमाने उरकू शकते, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एकदम अनेक फाइली वाचताना त्याचा उपयोग होतो.