स्टेक शनिवारचा, अंडरकट गुरुवारचा

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी घरी स्टेक करायचाय, घरात ओव्हन नाही, आणि मागच्या वेळी मांस चामड्यासारखं झालं, असं तुम्ही लिहिलंय. ओव्हनची अजिबात गरज नाही. मागच्या वेळी बिघडलं ते बहुधा तव्यावर जायच्या आधीच.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून गाय, बैल, वळू सगळंच बंद आहे, त्यामुळे स्टेक म्हणजे म्हशीचा. परदेशी व्हिडिओत दिसते तशी मांसाच्या आत पसरलेली चरबी त्यात नसते. म्हणून त्यांच्या वेळा पाळल्या की आपला तुकडा कोरडा पडतो. पुण्यात कॅम्पात शिवाजी मार्केटला जा आणि फक्त अंडरकट मागा. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, म्हणून तो मऊ राहतो. दोघांना चारशे ग्रॅम पुरे. जाड टोकाकडचा भाग घ्या, वरचा पांढरा पडदा तिथेच काढून घ्या आणि आडवे, दोन बोटं जाडीचे तुकडे पाडायला सांगा. पातळ काप देऊ लागले तर थांबवा, पातळ तुकडा बाहेरून लाल होईपर्यंत आतून शिजून जातो.

आणि शनिवारसाठी गुरुवारीच आणा. आपण ताजं म्हणून सकाळी आणतो आणि रात्री करतो, पण नुकत्याच कापलेल्या जनावराचे स्नायू आखडलेले असतात. फ्रिजमध्ये दोन दिवस राहिलं की सैल पडतात. शुक्रवारी रात्री दोन्ही तुकड्यांना मिळून पाऊण चमचा मीठ चोळा आणि ताटलीत उघडेच फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत मुरतं, वरचा भाग सुकतो. कच्ची पपई लावू नका, अंडरकटचा वरचा थर त्याने पिठूळ होतो. आलं-लसूणही नको.

सुकं असण्याला मी इतकं महत्त्व का देते ते सांगते. आमच्या पहिल्या प्रयत्नात ओलाच तुकडा नॉनस्टिकवर टाकला होता. मिनिटभरात भोवती राखाडी पाणी साचलं आणि मांस त्यात उकडत बसलं. पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या वर जात नाही, आणि तो खमंग तपकिरी थर यायला साधारण एकशे चाळीस अंश तरी लागतात.

म्हणून बिडाचा तवा. घावनाचा असेल तोच, पण थोडा खोलगट बघा. खिडक्या उघडा, तवा पाच-सात मिनिटं तापवा, त्यावर चमचाभर साजूक तूप. लोणी लगेच करपतं, तूप टिकतं. तुकडे कोरडे टिपून तव्यावर ठेवा आणि दर मिनिटाला उलटा. एकदाच उलटायचं हा नियम सोडून द्या, वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात. एकूण सात-आठ मिनिटं. पाचशे-सहाशे रुपयांचा अन्नाचा थर्मामीटर घ्याच. मध्यभागी चोपन्न अंश सेल्सिअस झालं की उतरवा. थांबवल्यावर आणखी तीन-चार अंश चढतात, आतून गुलाबी राहतो. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र सत्तरपर्यंत न्या, तिथे तडजोड नको.

मग ताटलीत सात मिनिटं हात लावायचा नाही. याच वेळेत सॉस होतो: गॅस मंद, तव्यावरच्या खरपुडीत बारीक चिरलेला कांदा, भरड मिरी, पाव वाटी मटणाचा अळणी रस्सा, शेवटी दोन चमचे साय. ताटलीत सुटलेला रसही त्यातच ओता. मिरी आधी मांसाला लावली तर करपून कडू होते, म्हणून इथे.

सोबत बटाट्याचा लोणी घातलेला लगदा आणि फरसबी, दोन्ही आधी करून झाकून ठेवा, म्हणजे तव्याशी उभं असताना मन दुसरीकडे जाणार नाही. थंडीत असाल तर शेवटी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नुसती साखर भुरभुरून.