शंभर वेळा आवळूनही लघवी का गळते?

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरे

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे आहे. कर्करोगामुळे तीन महिन्यांपूर्वी माझी प्रोस्टेट ग्रंथी पूर्णपणे काढण्यात आली. दहाव्या दिवशी कॅथेटर (लघवीची नळी) निघाला आणि तेव्हापासून खोकताना, शिंकताना, खुर्चीवरून उठताना लघवी गळते. रात्री अंथरूण कोरडे राहते, सकाळही बरी जाते; संध्याकाळी मात्र पॅड लागोपाठ बदलावे लागतात. रुग्णालयातून मिळालेल्या छापील कागदावर कीगेल व्यायाम, म्हणजे लघवी अडवणारे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम, करण्याची सूचना होती, त्याप्रमाणे मी दिवसातून शंभर वेळा तरी स्नायू आवळतो, पण फरक काहीच नाही. बाहेर जायचे असले की आता मी पाणी पिणेच टाळतो. या व्यायामाचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : रात्र कोरडी जाते आणि संध्याकाळ अवघड जाते, हे आपण ओघात लिहून गेला आहात, पण तक्रारीचे मूळ समजण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी आहे. पुरुषांमध्ये लघवी अडवून धरणारी व्यवस्था दुहेरी असते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला आतला संवरणी स्नायू (मार्ग आवळून बंद ठेवणारा स्नायू) आपल्या नकळत काम करतो, तर प्रोस्टेटच्या खालच्या टोकाशी मूत्रमार्गाला कड्यासारखा वेढून असलेला बाहेरचा संवरणी स्नायू आपल्याला इच्छेनुसार आवळता येतो. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर मूत्राशयाचे तोंड थेट उरलेल्या मूत्रमार्गाला शिवले जाते. त्यात आतल्या स्नायूचे काम बहुतांशी संपते आणि इतकी वर्षे दुय्यम असलेल्या बाहेरच्या कड्यावर सगळा भार येऊन पडतो. आडवे पडल्यावर त्याच्यावरचा दाब कमी होतो, म्हणून रात्र कोरडी जाते. दिवसभर उभे राहून आणि चालून ते थकते, म्हणून संध्याकाळी गळती वाढते. याचा अर्थ असा की आपला स्नायू काम करतो आहे, फक्त तो अजून पुरेसा बळकट झालेला नाही.

आता त्या कागदाविषयी. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड कीगेल यांनी हे व्यायाम १९४८ मध्ये प्रसिद्ध केले, ते बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी. पुढे पुरुषांनाही तेच सांगितले जाऊ लागले आणि ‘वायू अडवल्यासारखे गुदद्वार आवळा’ ही सूचना रूढ झाली. तिने मुख्यतः मागच्या बाजूचे, गुदद्वाराभोवतीचे स्नायू कामाला लागतात. आपल्याला गरज आहे ती पुढच्या, मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूची. सोनोग्राफी करून वेगवेगळ्या सूचनांची तुलना केली गेली, तेव्हा ‘लिंग आत ओढून आखूड करा’ या सूचनेने मूत्रमार्गाच्या संवरणी स्नायूची हालचाल अधिक होते, असे आढळले. वाक्य ऐकायला अवघडल्यासारखे वाटते आणि बहुधा म्हणूनच ते छापील कागदांवर क्वचित दिसते. पण संकोचापायी चुकीचा स्नायू महिनोन्‌महिने आवळत बसण्यात काय अर्थ आहे?

एकदा आरशासमोर कपडे काढून उभे राहा आणि ही सूचना अमलात आणून पाहा. लिंगाचे मूळ किंचित आत जायला हवे आणि वृषण थोडे वर उचलले जायला हवेत. नितंब, मांड्या आणि पोट स्थिर राहायला हवे आणि श्वास नेहमीसारखा चालू राहायला हवा. पोट ताठ होत असेल किंवा श्वास रोखला जात असेल, तर मूत्राशयावर वरून दाब पडतो आणि आपण गळतीलाच हातभार लावत असतो. शंभर वेळा करूनही गुण येत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या अनेकांमध्ये मला हीच चूक दिसते. चालू लघवीची धार मधेच थांबवून स्नायू ओळखण्याचा प्रयोग एखाद्या वेळी केला तर चालेल. तो रोजचा व्यायाम करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

शंभराचा आकडा सोडून द्या. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा आकुंचने पुरेशी आहेत. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरा, तितकाच वेळ स्नायू पूर्ण सैल सोडा आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. शेवटी काही झटपट आकुंचने करा. सैल सोडणे हादेखील व्यायामाचाच भाग आहे, कारण सतत ताणलेला स्नायू गरजेच्या क्षणी आणखी आवळू शकत नाही. प्रथम पडून, मग बसून आणि नंतर उभे राहून व्यायाम करा, कारण गळती होते ती उभे असताना.

याहून महत्त्वाचे आहे ते वेळ साधणे. खोकला येतो आहे असे वाटताच आधी आवळा, मग खोका. खुर्चीवरून उठण्यापूर्वी आणि वजन उचलण्यापूर्वीही तसेच करा. सुरुवातीला हे प्रत्येक वेळी आठवून करावे लागते आणि काही आठवड्यांनी अंगवळणी पडते.

पाणी कमी पिण्याने लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो आणि घाई वाढते. शिवाय बद्धकोष्ठ झाल्यास कुंथण्याचा ताण याच स्नायूंवर पडतो. कमी करायचेच असेल तर चहा, कॉफी आणि मद्य कमी करावे.

उपयोग होतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. बेल्जियममधील २००० सालच्या अभ्यासात १०२ पुरुष होते. तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्या गटातील ८८ टक्के पुरुषांचा ताबा परत आला होता, दुसऱ्या गटात ५६ टक्क्यांचा. याउलट ब्रिटनमधील २०११ च्या मोठ्या चाचणीत वर्षअखेरीस दोन्ही गटांत फरकच उरला नाही : ७६ आणि ७७ टक्के पुरुषांना थोडी तरी गळती होतीच. या चाचणीत थोडीशी गळतीसुद्धा गळती म्हणूनच मोजली होती आणि तुलनेच्या गटातील अनेक जण स्वतःहून व्यायाम करत होते, हे ध्यानात घ्यायला हवे. माझे मत असे, की पहिल्या वर्षात शरीर स्वतःच बरीच सुधारणा करते आणि नीट शिकलेला व्यायाम तो काळ कमी करतो. म्हणून या विषयाच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी योग्य स्नायू हलतो आहे ना, याची तपासणी करून घ्या.

प्रगती मोजताना किती पॅड लागले ते पाहू नका, कारण तो आकडा सवयीवरही अवलंबून असतो. चोवीस तासांतील वापरलेले पॅड वजन करून त्यातून कोरड्या पॅडचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. दर पंधरवड्याला ही नोंद ठेवा. लघवीची धार बारीक होत असेल, कुंथावे लागत असेल, ताप, जळजळ किंवा रक्त दिसत असेल, तर मात्र व्यायामावर विसंबू नका. शिवणीच्या जागी मार्ग आकसलेला असू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच भेटा.

प्रश्न : माझ्या पतींची वाढलेली प्रोस्टेट मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढली. कर्करोग नव्हता. त्यांना खोकताना काही होत नाही, पण लघवीची एकदम घाई होते आणि शौचालयापर्यंत पोहोचेतो गळते. त्यांनीही हेच व्यायाम करावेत का?

उत्तर : करावेत, पण उद्देश वेगळा ठेवून. त्यांचा त्रास मुख्यतः मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाचा दिसतो. घाई आली की धावत सुटण्याऐवजी जागीच थांबावे, स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळावा आणि लाट ओसरली की सावकाश जावे. लघवीला जाण्यातील अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावे. त्याआधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करावी.

प्रश्न : प्रोस्टेट काढून दोन वर्षे झाली, तरी दिवसाला दोन पॅड लागतात. आता व्यायाम सुरू करून काही होईल का?

उत्तर : होऊ शकते. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेला किमान एक वर्ष उलटलेले २०८ पुरुष होते. आठ आठवड्यांच्या व्यायामाने आणि मूत्राशयावर ताबा ठेवण्याच्या प्रशिक्षणाने त्यांतील एका गटाच्या गळतीच्या प्रसंगांत सरासरी ५५ टक्के घट झाली, तर काहीच न शिकवलेल्या गटात २४ टक्के. बायोफीडबॅक (स्नायूची हालचाल यंत्रावर दाखवणे) आणि विद्युत उत्तेजन (सौम्य विजेने स्नायू आकुंचित करणे) यांची भर घातल्याने अधिक लाभ झाला नाही, म्हणून महागड्या यंत्रांमागे लागू नका.

दोन-तीन महिने नीट प्रयत्न करूनही आपले समाधान झाले नाही, तर यूरोलॉजिस्टशी शस्त्रक्रियेविषयी बोलावे. कमी गळतीसाठी मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवतात, जास्त गळतीसाठी कृत्रिम संवरणी, म्हणजे मूत्रमार्ग आवळून बंद ठेवणारे कृत्रिम कडे. कृत्रिम संवरणीचा पंप वृषणकोशात असतो आणि लघवीच्या वेळी तो दर खेपेस बोटांनी दाबावा लागतो. म्हणून हाताला कंप किंवा बोटांत ताठरपणा असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.