‘सॉलिडॅरिटी’ला मराठीत काय म्हणायचं? एकजूट, पाठिंबा आणि एक विसरलेला जामीन

प्रश्न असा आहे: “२९ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं इंग्रजी पत्रक मराठीत करायला घेतलंय. ‘इंटरनॅशनल डे ऑफ सॉलिडॅरिटी विथ द पॅलेस्टिनियन पीपल’ याचं एकाने ‘एकजुटता दिवस’ केलं, दुसरी म्हणते ‘सहवेदना दिन’, तिसऱ्याचा हट्ट ‘पाठिंबा दिन’. तिन्ही खटकतात, पण का ते सांगता येत नाही. सॉलिडॅरिटीला मराठीत नेमका शब्द आहे का?”

खटकतात ते योग्यच आहे. ‘एकजुटता’ आधी निकालात काढू. हिंदीत ‘एकजुट’ हे विशेषण आहे, म्हणून नाम करायला त्यांना ‘ता’ लागतो. आपल्याकडे ‘एकजूट’ हेच नाम. गावाची एकजूट, गिरणी कामगारांची एकजूट. नामाला पुन्हा ‘ता’ लावणं म्हणजे टोपीवर टोपी. बातम्यांच्या घाईत हा शब्द हिंदीतून आला आणि राहिला, एवढंच.

‘सहवेदना’ वाईट शब्द नाही, पण तो दुखवट्याचा आहे. गेलेल्याच्या घरी आपण सहवेदना कळवतो, चहा घेतो आणि निघतो. इथे तारीख कुठली निवडली आहे ते पाहा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८१ क्रमांकाचा ठराव करून पॅलेस्टाईनची फाळणी सुचवली. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारत विरोधातल्या तेरांत होता. ठरावात दोन राज्यं होती, एक ज्यू आणि एक अरब. पहिलं झालं, दुसरं कागदावर राहिलं. पुढे १९७७ साली त्याच आमसभेने हीच तारीख या दिवसासाठी ठरवली. म्हणजे जिने लिहून दिलं, तिनेच ‘लिहिलेलं पुरं झालेलं नाही’ अशी दरवर्षी आठवण करून द्यायची. यात येणं बाकी आहे, वसूल करण्यासारखं आहे. ते ‘सहवेदने’त मावत नाही.

‘पाठिंब्या’ची गत राजकारणाने केली. बिनशर्त पाठिंबा, बाहेरून पाठिंबा, मग एके सकाळी काढून घेतलेला पाठिंबा. देणाऱ्याचं काहीच जात नाही, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याची चुलतबहीण ‘पाठराखण’ मूळची गोड. लग्न झालेल्या मुलीबरोबर सासरी जाणारी ती पाठराखीण. पण आज आपण पाठराखण फक्त चुकांची करतो.

आता जरा आडवळणाने जाऊ. पॅलेस्टिनी लोक स्वतः काय म्हणतात? अरबीत या कल्पनेला ‘तदामुन’ म्हणतात. परका वाटतो ना? त्यातला ‘द’ आपला साधा ‘द’ नाही. अरबी लिपीतलं ‘दाद’ हे खास अक्षर आहे; या अक्षराचा अरबांना इतका अभिमान की आपल्या भाषेला ते ‘दादची भाषा’ म्हणतात. इराणी जिभेला ते जमेना, त्यांनी त्याचा ‘झ’ केला. आणि आपल्याकडे अरबी शब्द आले ते बहुतेक फारसीच्या दारातून. म्हणून तिकडचा ‘रमदान’ इकडे रमजान, तिकडचा ‘कादी’ इकडे काजी. हाजिर, मर्जी, राजी, अर्ज, जप्ती, जरूर, फाजील, आणि आपला रोजचा जिल्हासुद्धा, या सगळ्यांच्या पोटात तेच अक्षर दडलेलं आहे. तहसील कचेरीत तासभर बसलात तर दादच्या डझनभर लेकी भेटतील.

तर ‘तदामुन’मधला ‘द’ असा ‘ज’ करून बघा. धातू उरतो द-म-न. त्याचं कर्तरी रूप ‘दामिन’. फारसीत झामिन. मराठीत जामीन.

‘तदामुन’ हे त्याच धातूचं परस्परभाव दाखवणारं रूप. शब्दशः अर्थ काढला तर ‘एकमेकांना जामीन राहणं’. (‘जमीन’शी घोळ नको. तो शब्द फारसी, हा अरबी. दिसायला जुळे, नात्याने कुणी नाहीत. या प्रश्नात मात्र दोघंही हजर आहेत, तो योगायोग.)

आज जामीन म्हटलं की कोर्ट, वकील आणि ‘जामीन फेटाळला’ हा मथळा. जुन्या मराठी कागदांत या शब्दाचा संसार मोठा होता. माणूस हजर राहील याची हमी घेणारा हाजिरजामीन, पैसा भरला जाईल याची हमी घेणारा मालजामीन, आणि वागणूक नीट राहील याची हमी घेणारा फैलजामीन. जामीन हा तेव्हा कागद नव्हता, माणूस होता. ‘जामीन मिळाला’ हे आजचं. तेव्हा जामीन ‘राहावं’ लागे.

आमच्या घरी हा शब्द हळू आवाजात निघायचा. वडिलांनी कचेरीतल्या एका सहकाऱ्यासाठी पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली. गृहस्थांनी चार हप्ते भरले आणि बदली घेऊन गेले. मग आमच्या पगारातून कपात सुरू. मी तेव्हा आठवीत. आईने ट्रंकेतून काढलेला तो पिवळट कागद मला आठवतो, आणि त्यावरची छापील ओळ: कर्जदार व जामीनदार हे संपूर्ण रकमेस संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतील. मी शाळेतलं गणित लावलं, दोन जामीनदार आहेत तर आपल्या वाट्याला अर्धंच यायला हवं. वडील म्हणाले, “वाटे नसतात रे यात. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. जो सापडेल त्याच्याकडून.”

पुढे ‘सॉलिडॅरिटी’ची व्युत्पत्ती वाचली तेव्हा वडिलांचं हेच वाक्य भेटलं, लॅटिनमध्ये. रोमन कायद्यात ‘इन सॉलिडम’ म्हणजे संपूर्णासाठी: अनेकांनी मिळून कर्ज घेतलं असेल तर धनको कुणाही एकाकडून सगळं वसूल करू शकतो. तिथून फ्रेंच कायद्यात ‘सॉलिदारिते’ आला. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेतलं एक कलम सांगायचं की ही सॉलिदारिते गृहीत धरता येत नाही, ती स्पष्ट शब्दांत लिहून दिलेली असावी लागते. एकोणिसाव्या शतकात कामगार चळवळीने तो वकिली शब्द उचलला आणि मोर्च्यात नेला. म्हणजे बघा, एक शब्द रोमहून निघाला, दुसरा अरबस्तानातून, दोन्ही कर्जाच्या कागदावरून चालत आले आणि एकाच अर्थाला पोचले. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही. असो, छंद असतात एकेकाचे.

इथे कुणी हटकेल की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. कबूल. ‘तदामुन’ म्हणताना गाझातल्या माणसाच्या मनात पतसंस्था नसते. पण शब्द कुठे कसा वापरतात ते पाहा. नेल्सन मंडेला ४ डिसेंबर १९९७ रोजी, याच दिवसाच्या निमित्ताने प्रिटोरियात बोलले. पॅलेस्टिनी लोकांच्या स्वातंत्र्यावाचून आमचं स्वातंत्र्य अपुरं आहे, असं ते म्हणाले. त्यांच्या देशाचे हप्ते तर फिटले होते, वर्णभेद संपला होता. तरी खातं बंद नाही. याला सहवेदना म्हणता येणार नाही, हे जामीनदाराचं बोलणं आहे. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये वंशसंहारविरोधी करारान्वये इस्रायलवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला तो दक्षिण आफ्रिकेने. त्या देशाची एक इंचही जमीन त्यात गुंतलेली नव्हती. करारावर सही होती, तेवढ्यावर.

आपल्याकडचं उदाहरण फेब्रुवारी २०२४ चं. भारतातल्या प्रमुख बंदरांतल्या गोदी कामगारांच्या एका महासंघाने जाहीर केलं की इस्रायलकडे जाणारी शस्त्रास्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. माल नाकारला तर त्या पाळीची मजुरी कुणाची बुडते? ‘पाठिंबा’ आणि ‘तदामुन’ यांतला फरक मला त्या बातमीत दिसला.

राज्यांच्या बाबतीत भाषा आणखी स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लागारी मतात सांगितलं की व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातली इस्रायलची उपस्थिती बेकायदा आहे. तेवढ्यावर ते थांबलं नाही: ही स्थिती कायदेशीर मानायची नाही, ती टिकवायला मदत करायची नाही, हे सगळ्याच राज्यांचं बंधन आहे. संयुक्त कर्जाचा नियम तंतोतंत तोच नव्हे, पण ‘मी कुठे सही केली होती’ म्हणायची सोय इथेही नाही. त्या मताच्या पाठोपाठ १८ सप्टेंबर २०२४ ला आमसभेत ठराव आला. बाजूने १२४, विरोधात १४, तटस्थ ४३. या वेळी भारत त्रेचाळिसांत. १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा पहिला अरबेतर देश आपला, १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राज्याला मान्यता देणाऱ्या पहिल्या काहींतला आपला, म्हणून ते तटस्थपण मला टोचलं. सप्टेंबर २०२५ च्या, दोन राज्यांच्या तोडग्याच्या जाहीरनाम्याला भारताने पुन्हा बाजूने मत दिलं, हेही नोंदवायला हवं. ‘तटस्थ’ हा शब्द मात्र चोख आहे: तटावर उभा असलेला. पाण्यात कोण आहे ते त्याला स्वच्छ दिसतं.

तुमच्या पत्रकात ‘राइट टू रिटर्न’ही असणार. त्याला ‘परतीचा अधिकार’ करू नका, ‘परतण्याचा हक्क’ करा. अरबीत तो ‘हक्क अल-औदा’ आहे, त्यातला हक्क तोच जो आपला. डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात अकरावं कलम आहे: ज्या निर्वासितांना घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहायचं आहे त्यांना परतू द्यावं, ज्यांना परतायचं नाही त्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी. १९४८ च्या ‘नकबा’त, म्हणजे त्या अरिष्टात, सात लाखांहून अधिक माणसं घरांबाहेर पडली. अनेक कुटुंबांनी किल्ल्या जपल्या, जमिनीचे जुने दस्त जपले. आपल्या वतनाच्या कागदांत ‘हक्क-लाजिमा’ लिहिलेला असतो, म्हणजे वतनदाराचं जे न्याय्य येणं ते. अधिकार वरून कुणीतरी देतो, हक्क आधीच आपला असतो. मराठी कान हा फरक अजून पाळतो. आणि ‘वतन’ म्हणाल तर अरबीत मायदेश, मराठीत पिढीजात जमीन नि मान. निर्वासित छावणीतल्या आजीला दोन्ही अर्थ चालले असते.

बरं, पत्रक. मी असं लिहिलं असतं: ‘पॅलेस्टिनी जनतेसोबत आंतरराष्ट्रीय एकजूट दिन’. एकजूट मुळात एकाच गोटातल्या माणसांची. ‘सोबत’ जोडल्याने तिचं कुंपण थोडं सरकतं आणि वाचणाऱ्याला अडत नाही. ‘दिवस’ नको, आपण ‘दिन’च साजरे करतो. ‘जामीन’ मथळ्यात घालायचा मोह मलाही झाला, पण ‘पॅलेस्टिनी जामीन दिन’ वाचून पहिला प्रश्न येईल, कुणाला मिळाला? मजकुरात खुशाल वापरा: ‘त्यांच्या हक्काला आम्ही जामीन आहोत.’ ‘राहू’ नको, ‘आहोत’ म्हणा.

‘जनतेसोबत’ जोडून लिहा, शब्दयोगी आहे. ‘आंतरराष्ट्रीय’मधला पहिला ‘आ’ सोडू नका. आणि छापायला टाकण्याआधी एकदा बघा, गेल्या वर्षी एका पत्रकात ‘पॅलेस्टिनी’चं ‘प्लॅस्टिनी’ झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.