लहान मुलांचा मोतीबिंदू लेसरने काढावा का?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. भावाच्या बाळाच्या बारशाच्या फोटोत तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, दाखवलं तर मोतीबिंदू निघाला. एका ठिकाणी लेसरने करा म्हणाले पण खर्च खूप आहे, सासूबाई म्हणतात पिकू दे मग बघू. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंची माया कळते पण पिकायची वाट अजिबात बघू नका. मोठ्या माणसाचं चार महिने थांबलं तरी चालतं, पोराचं नाही, कारण त्या डोळ्याने स्पष्ट दिसलंच नाही तर मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो आणि डोळा आळशी होतो. म्हणून तर जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असला तर आम्ही सहा आठवड्यांच्या आसपासच काढतो.

आता लेसरचं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली मूळ लेन्सच धुरकट होणं. मोठ्यांची लेन्स कडक असते, तिचे तुकडे करायला लेसरची मदत होते, पण पोरांची इतकी मऊ असते की बारीक नळीने ओढून निघते. लेसरचा खरा उपयोग लेन्स ज्या पातळ पिशवीत असते तिच्या पुढच्या पडद्याला गोल भोक पाडायला, कारण मुलांचा पडदा रबरासारखा ताणला जातो, हाताने करताना चीर कडेला पळायची भीती असते. पण त्याच ताणामुळे लेसरने पाडलेलं भोकसुद्धा ठरवल्यापेक्षा मोठं होतं, आणि लेसरने करा की हाताने, पूर्ण भूल तर द्यावीच लागते. तेव्हा लेसर नाही म्हणून ऑपरेशन अडवू नका, लहान मुलांची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन बघा. त्या पिशवीचा मागचा पडदा त्याच वेळी उघडणार का तेही विचारा, मुलांमध्ये तो फार लवकर परत धुरकट होतो.

खरी मेहनत नंतर आहे. चष्मा, डोळ्याचं प्रेशर कायम तपासत राहणं, आणि चांगल्या डोळ्यावर रोज डॉक्टर सांगतील तितके तास पट्टी. पोरगी ओरबाडून काढेल, रडेल, तुम्हालाही रडू येईल. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्या स्वतःच्या डोळ्यालाही पट्टी लावून नातीबरोबर तांदूळ निवडायला बसायच्या, तेवढा वेळ पोरगी पट्टीला हात लावायची नाही, तुमच्या सासूबाईंना हेच काम द्या.

आणि जाताना मोबाईलमधले तिचे जुने फोटो सगळे घेऊन जा, बाहुली कधीपासून पांढरी दिसतेय ते त्यात सापडलं तर डोळा किती आळशी झाला असेल याचा डॉक्टरांना अंदाज येतो.