दिवा नको, कवच शोधा

फ्लोरिडात पहिल्यांदाच पतंग, म्हणजे रात्री दिव्याकडे येणारे किडे, बघायला निघालात, तर एक सांगतो. सेराटोफॅगा विसिनेला हा पतंग हवा असेल, तर रात्री दिवा आणि पांढरा पडदा लावून बसण्यावर भिस्त ठेवू नका. दिवसा वाळूच्या माळावर गोफर कासवांची बिळं असतात तिथे फिरा आणि मेलेल्या कासवाचं कवच शोधा. याच्या अळ्या त्या कवचावरचं केराटिन खातात. आपल्या नखांत असतं तेच. लोकर कुरतडणारी कसर याच कुळातली, म्हणजे खोड घराण्यातलीच! आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद मेलेल्या हरणांची शिंगं पोखरतो.

कवच दिसलं की उचलायचा मोह होईल. उचलू नका. अळ्या रेशीम आणि मातीच्या नळ्या विणून कवचाखालून जमिनीत उतरतात, आणि कवच हललं की त्या नळ्या तुटतात. शिवाय तिथे कासवाला कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय कवच घरी नेता येत नाही. गुडघे टेका, टॉर्च तिरपा धरून कडेच्या फटीत बघा, फोटो घ्या. कवच रिकामं निघालं तरी जागा टिपून ठेवा. मी तरी त्याच कवचाकडे पुन्हा जातो.